‘फरक नाही आला’ हासुद्धा रिझल्टच असतो की

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, नावगाव काढलंय, चौकोनी कंसातले खुलासे माझे:

“मॅडम, मी एमडीएस [दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी] थर्ड इयरला आहे, कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री [दात भरायची, वाचवायची शाखा]. घर तासगाव तालुक्यात, बाबांची द्राक्षबाग. माझा थीसिस दोन बाँडिंग एजंटवर [दाताला फिलिंग चिकटवणारं द्रव] आहे, एक जुनं दोन बाटल्यांचं सेल्फ-एच [ॲसिड वेगळं लावून धुवावं लागत नाही असं], आणि एक नवीन एका बाटलीचं युनिव्हर्सल, जे बरंच महाग आहे. दीड वर्ष दात गोळा केले, घासले, त्यावर कंपोझिट [दाताच्या रंगाचं फिलिंग] चिकटवलं, थर्मोसायकलिंग [गार-गरम पाण्यात आलटून-पालटून बुडवणं] केलं, मशीनवर तोडलं. आता स्टॅटिस्टिशियन म्हणतात सिग्निफिकंट फरक नाही, पी व्हॅल्यू [खरा फरक नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता] ०.०५ च्या खाली येतच नाही. एका सिनियरने सांगितलं, दोन्ही ग्रुपमधले दोन-तीन आउटलायर [बाकीच्यांपेक्षा फार वेगळे आकडे] उडव, पी आपोआप खाली येतो, सगळे करतात. गाईडना अजून दाखवलं नाहीये. आजी विचारत होती एवढं शिकून करतेस काय, मी म्हटलं दात चिकटवते आणि तोडते, ती हसली आणि मला रडू आलं. माझी वर्षं वाया गेली का? आणि खरं सांगा, असल्या रिसर्चचा आमच्या तासगावच्या पेशंटला उपयोग तरी काय? — दात तोडणारी”

अगं दात तोडणारे,

पहिलं म्हणजे तुझ्या आजीला मानलं मी. दात चिकटवते आणि तोडते, यापेक्षा नेमकं वर्णन आपल्या ब्रँचच्या रिसर्चचं मी तीस-पस्तीस वर्षांत ऐकलं नाही. रडू नकोस, ते वाक्य थीसिसच्या पहिल्या पानावर टाकायच्या लायकीचं आहे (टाकू नकोस, एचओडींना झेपणार नाही).

आता बाबांच्या बागेत जाऊ. समज बाबांनी यंदा चार ओळींना महागडं औषध मारलं आणि चार ओळींना नेहमीचं, आणि छाटणीपासून उतरणीपर्यंत सगळं सारखं केलं, आणि घड सारखेच भरले. बाबा काय कपाळाला हात लावून बसतील का की माझी फवारणी वाया गेली? उलट संध्याकाळी पारावर सांगतील, अरे काय फरक पडत न्हाई, कशाला पैसं घालताय. शेजारचे चार जण पुढच्या साली ते महागडं औषध आणणार नाहीत. म्हणजे ‘फरक पडला नाही’ ही बातमी आहे आणि तिला बाजारभाव आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलीस, हे तुला माहिती आहे, पण पीजीत आल्यावर आपण सगळे त्या एका पी व्हॅल्यूला नवसाच्या नारळासारखे धरून बसतो.

पण थांब, लगेच हुरळून पण जाऊ नकोस, कारण इथेच बरेच थीसिस घसरतात. ‘सिग्निफिकंट फरक नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही सारखे आहेत’ असा होत नाही. बाबांनी चार ओळींऐवजी एकेकच वेल घेतला असता तर? मग फरक असला तरी दिसला नसता. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यात) सॅम्पल साइझ काढताना कुठला तरी आकडा धरला असशील ना, की एवढ्या मेगापास्कलचा (जोडाच्या ताकदीचं माप) फरक पकडायचा आहे म्हणून इतके दात लागतील? तो कागद काढ. मग स्टॅटिस्टिशियनना सांग की मला नुसता पी नको, दोन ग्रुपच्या सरासरीतल्या फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, काढून द्या. तो इंटरव्हल चिंचोळा असेल आणि क्लिनिकमध्ये ज्याला काही अर्थ असेल एवढा फरक त्याच्या बाहेर पडत असेल, तर तू छातीठोकपणे लिहू शकतेस की मोठा फरक असण्याची शक्यता कमी. तो ऐसपैस असेल, इकडे पण फरक तिकडे पण फरक, तर लिही की या सॅम्पलवरून सांगता येत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्हींनी थीसिस पास होतो. खोटं होईल ते फक्त तिसरं, सिनियरवालं.

आता त्या सिनियरबद्दल. त्याला शिव्या घालत नाही, कारण मी स्वतः केलंय ते.

माझं एमडीएस मुंबईत झालं, ऐंशीचं दशक संपत आलेलं. माझ्या सॅम्पलमध्ये सतरा नंबरचा एक दात होता. मशीनला लावला आणि जवळजवळ लावता लावताच कंपोझिटचा तुकडा सुटून पडला, बाकीचे सगळे दमदार निघाले आणि हा एकटा नालायक. मी रात्री हॉस्टेलवर बसून वहीत त्याच्यापुढे ‘क्रॅक’ लिहिलं आणि तो बाद केला. क्रॅक होता का? मला आजही सांगता येणार नाही, पाहिलंच नव्हतं नीट. रिझल्ट सिग्निफिकंट आला, कोणी काही विचारलं नाही, वायवात कौतुकच झालं.

पुढे सांगलीत क्लिनिक टाकलं आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात माझी फिलिंग पटापट निघायला लागली. एकच बाई तीनदा आली, तिसऱ्यांदा तर सिमेंट पुडीत बांधून घेऊन आली होती. मटेरियल बदललं, बाँडिंग बदललं, कंपनीच्या माणसाशी भांडले. शेवटी कारण काय निघालं तर कंप्रेसर. दमट हवेत टाकीत पाणी साचत होतं, मी ते काढत नव्हते, आणि थ्री-वे सिरिंजमधून (हवा-पाणी मारायच्या नळीतून) मी दात ‘कोरडा’ करायचे ती हवाच पाणी आणि तेलाचा बारीक फवारा घेऊन येत होती. एच करून (ॲसिड लावून) छान तयार केलेल्या दातावर मी स्वतःच्या हाताने तेल मारत होते. (क्लिनिकवाल्यांनी आत्ताच उठून सिरिंज आरशावर धरून हवा मारून बघा. आरसा धुरकट झाला, ठिपके उमटले, तर फिल्टर बदला आणि टाकीचा नळ रोज संध्याकाळी सोडा.)

त्या रात्री मला सतरा नंबर आठवला. कॉलेजातल्या त्या लॅबचा कंप्रेसर पण तसाच खडखडा होता. कदाचित तो दात मला तेव्हाच सांगत होता, कदाचित नसेलही, पण मी तो वहीतूनच काढून टाकल्यावर आता कोणाला विचारणार? म्हणून म्हणते, जो दात वेगळा वागला तो फेकू नकोस, उलट त्याच्याकडेच आधी जा.

वगळायचं कधी चालतं तेही सांगते. सॅम्पल बसवताना हातातून पडला, ॲक्रिलिक ब्लॉक (दात ज्यात रोवतात तो ठोकळा) मशीनमध्ये तिरका बसला, ब्लेड घसरलं, आणि हे तू त्याच दिवशी, आकडा बघायच्या आधी लॉगबुकात लिहिलेलं असेल, तर बाद कर आणि थीसिसमध्ये सांग की इतके बाद केले, या कारणाने. आकडा बघितल्यावर सुचलेलं कारण चालत नाही. आणि मशीनला लागायच्या आधीच जे तुकडे गळून पडले, थर्मोसायकलिंगच्या पाण्यातच सुटले, ते किती होते, कुठल्या ग्रुपचे होते? बरेच जण ते मोजतच नाहीत, ‘सॅम्पल लॉस’ म्हणून बाजूला टाकतात आणि नवीन दात घेतात. अगं, चिकटवलेलं आपोआप सुटलं हाच तर चिकटपणाचा सगळ्यात मोठा निकाल नाही का? समज एका ग्रुपचे पाच पाण्यातच गळले आणि दुसऱ्याचा एक, आणि उरलेल्यांची सरासरी सारखी आली, तर तुझा फरक त्या गळलेल्यांत आहे.

दुसरं काम, तुटलेले दात टाकले नसशील तर सगळे स्टिरिओमायक्रोस्कोपखाली घाल. कुठे तुटलंय बघ. जोडावर सुटलं, की कंपोझिट फुटलं, की दाताचाच टवका निघाला? दाताचाच टवका निघाला असेल तर त्या सॅम्पलमध्ये तू बाँडिंगची ताकद मोजलीच नाहीस, दाताची मोजलीस, जोड त्याहून भक्कम निघाला एवढंच कळलं. शिअर टेस्टचं (जोडावर बाजूने ब्लेड दाबून तोडायच्या टेस्टचं) हे जुनं दुखणं आहे. आकडे सारखे पण तुटायची तऱ्हा वेगळी, असं निघालं तर तुझं डिस्कशन एकदम जिवंत होईल. मला विचारशील तर थीसिसमधलं निम्मं शहाणपण त्या एका टेबलात असतं, आणि लोक तेच घाईत उरकतात.

जे दंतवैद्य नाहीत आणि इथपर्यंत वाचत आलेत त्यांच्यासाठी थोडं मागे जाते, कारण बाँडिंग हा काय प्रकार आहे हे माहिती नसेल तर ही पोरगी दीड वर्ष काय करत होती ते कळणार नाही.

पूर्वी दातात चांदी भरायचे (आपल्याकडे चांदी म्हणतात, पण त्यात वजनाने निम्मा पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबं). ती चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते, म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागायचा, चांगला दात पण जायचा. १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला मायकल ब्युनोकोर नावाच्या माणसाने एक साधी गोष्ट केली. कारखान्यात धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात हे त्याला माहिती होतं, त्याने तेच ८५ टक्क्यांचं ॲसिड दाताच्या एनामलवर (वरच्या टणक कवचावर) ३० सेकंद लावून बघितलं आणि त्यावर ॲक्रिलिक चिकटलं. पत्र्याला रंग मारायच्या आधी घासून घेतो ना, तसंच. एनामल ९६ टक्के खनिज, ॲसिडने त्यात बारीक बारीक खाचा पडतात, राळ (रेझिन) त्यात शिरते आणि घट्ट बसते. पुढे १९६२ मध्ये राफाएल बोवेनने बिस-जीएमए नावाच्या राळेचं पेटंट घेतलं आणि आपण आज ज्याला पांढरं सिमेंट किंवा लायटीचं सिमेंट म्हणतो ते कंपोझिट तिथून सुरू झालं. आज ॲसिड साधारण ३७ टक्क्यांचं वापरतात, निळी जेल असते ती.

एनामल सोपं होतं. घोडं अडलं ते डेंटिनवर. डेंटिन म्हणजे एनामलच्या आतला थर, त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजेनचं जाळं आणि पाणी, आणि लाखो बारीक नळ्या ज्यातून आतून सतत ओल येत असते. ओल्या भिंतीला रंग मारून बघा म्हणजे कळेल. त्याचं कोडं सुटायला जवळजवळ तीस वर्षं गेली, १९८२ मध्ये जपानच्या नाकाबायाशींनी दाखवलं की ॲसिडने उघडं पडलेल्या कोलॅजेनच्या जाळ्यात राळ शिरून एक मिश्र थर तयार होतो, हायब्रिड लेयर, आणि जोड तोच धरून ठेवतो. मग कळलं की ॲसिड लावून धुतल्यावर डेंटिन कडकडीत वाळवलं तर ते जाळं खाली बसतं, ओल्या केसांसारखं चिकटून, आणि राळ आत जात नाही. पाणी तुंबलं तरी राळ फाटते. मग किती ओल हवी? इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं लिहितात, आणि मी पोरांना शिकवताना एकच शब्द वापरायचे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रान ना चिखल ना ढेकूळ, पेरणीला येतं तेव्हा जसं असतं, तसं. शेतकऱ्यांची पोरं पहिल्या तासाला समजायची, शहरातल्यांना दाखवावं लागायचं.

तर हा वाफसा साधायची कटकट नको म्हणून सेल्फ-एच बाँडिंग आली, वेगळं धुवायचं नाही वाळवायचं नाही, आणि त्यातल्या चांगल्या बाटल्यांमध्ये एमडीपी नावाचा रेणू असतो जो दातातल्या कॅल्शियमला रासायनिक रीतीने धरतो. दोन बाटल्यांची जुनी सेल्फ-एच बाँडिंग आजही जगभरच्या लॅबमध्ये तुलनेला धरतात, इतकी ती भरवशाची. आणि सुरुवातीची सगळं-एकात बाटल्यांची पिढी तिच्यापुढे कमी पडायची.

आता तुझा रिझल्ट या उजेडात वाच बरं. तुझी नवीन एका बाटलीची त्या जुन्या पहिलवानापुढे उभी राहिली आणि पडली नाही. (वर म्हटलं ते कॉन्फिडन्स इंटरव्हलचं बघून घे, मगच हे लिही.) पैशाच्या बाजूने बघितलं तर जुनं स्वस्त तेवढंच चांगलं, गावाकडच्या क्लिनिकला दिलासा. हाताच्या बाजूने बघितलं तर नवीनमध्ये एक पायरी कमी, म्हणजे चुकायची एक जागा कमी, ज्या क्लिनिकमध्ये असिस्टंट नवीन आहे आणि बाहेर बारा पेशंट बसलेत तिथे हे पण मोलाचं. दोन वेगळ्या डॉक्टरांना दोन वेगळी उत्तरं मिळतील तुझ्या एकाच टेबलातून. याला वाया गेलं म्हणतात होय?

आणि ‘फरक नाही’ वाल्या रिझल्टने दुनिया कशी हलते याचं आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण देते. चांदीतल्या पाऱ्याने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो का, हा वाद वर्षानुवर्षं चालला होता, मतं सगळ्यांकडे होती. मग दोन मोठ्या ट्रायल झाल्या, एक अमेरिकेत बोस्टन आणि मेनमध्ये ५३४ मुलांवर पाच वर्षं, दुसरी पोर्तुगालात लिस्बनला ५०७ मुलांवर सात वर्षं. निम्म्यांना चांदी, निम्म्यांना कंपोझिट, चिठ्ठ्या टाकून. बुद्ध्यांक, स्मरणशक्ती, लक्ष, सगळं तपासलं. निकाल काय? फरक आला नाही. २००६ मध्ये दोन्ही एकाच वेळी जामा या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. समज त्यांच्यातल्या कोणा सिनियरने दोन-तीन मुलं ‘ॲडजस्ट’ केली असती तर? आणि गंमत म्हणजे लिस्बनच्या अभ्यासात फरक निघाला तो भलतीकडेच, पाच वर्षांनंतर कंपोझिटवाल्या मुलांना पुन्हा दुरुस्ती लागायचं प्रमाण जवळजवळ ५० टक्क्यांनी जास्त होतं.

(मला पत्रं येतात, चांदी काढून टाकू का म्हणून, त्यांच्यासाठी इथेच. तोंडातली चांदी घट्ट बसलेली असेल, कडेने कीड नसेल, तर नुसती भीती वाटते म्हणून काढू नका, काढताना उलट वाफ जास्त निघते आणि चांगला दात जातो. जगभर चांदी बंद होत चालली आहे हे खरं, पण त्यामागचं मोठं कारण पारा नदी-नाल्यात जातो हे आहे. पाऱ्याचा वापर कमी करायच्या २०१३ च्या मिनामाता कराराने ती कमी करायला सुरुवात केली, भारत त्यात २०१८ ला सामील झाला, युरोपियन युनियनने २०२५ च्या जानेवारीपासून जवळजवळ बंदच केली आणि करारातल्या देशांनी आता २०३४ ही शेवटची मुदत ठरवली आहे. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना नवीन चांदी भरायची नाही हे मात्र आत्तापासूनच पाळा.)

आता तुझा शेवटचा प्रश्न, तासगावच्या पेशंटला उपयोग काय. हा प्रश्न चांगला आहे आणि याचं उत्तर मी गोड करून देणार नाही. तू जो दात तोडलास तो बहुतेक ऑर्थोसाठी (वेडेवाकडे दात तारेने सरळ करायला) काढलेला चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा प्रीमोलर (सुळ्यामागची लहान दाढ) असणार, न किडलेला, कार्बाइड पेपरवर घासून सपाट केलेला, टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी हात पोचेल असा. तासगावचा पेशंट म्हणजे पंचावन्नचा माणूस, शेवटची दाढ, किडून डेंटिन घट्ट आणि चमकदार झालेलं, जीभ मध्ये मध्ये, थुंकी येतेय, तोंड उघडत नाही, आणि त्याला साडेपाचची एसटी गाठायची आहे. पाच डिग्री आणि पंचावन्न डिग्रीच्या पाण्यात दात बुडवून आपण त्याचं आयुष्य नक्कल करतो, दहा हजार फेऱ्या म्हणजे साधारण एक वर्ष असं धरतात, तो १९९९ चा एक अंदाज आहे आणि सगळे त्यावरच गाडी चालवतात. त्यात चावणं नाही, रात्री दात खाणं नाही, कीड करणारे जंतू नाहीत. शिवाय डेंटिनमध्येच काही एन्झाइम असतात जे ॲसिडने जागे होतात आणि महिनोन् महिने ते हायब्रिड लेयरचं कोलॅजेन कुरतडत बसतात. घरचाच भेदी. चोवीस तासांच्या टेस्टमध्ये तो दिसतच नाही.

तरी टेस्ट करायची कशाला? कारण बाजारात दर सहा महिन्यांनी नवीन बाटली येते, आणि पेशंटच्या तोंडात पाच वर्षांची ट्रायल होईपर्यंत ती बाटली बंद पडून दुसरी आलेली असते. तुझी टेस्ट म्हणजे बाजारातली हळद मोडून बघणं. आपल्या सांगलीच्या सौद्यात कांडी मोडून आतला रंग बघतात, त्यावरून भाजीची चव कळत नाही, पण पोचट माल वेगळा काढता येतो. लॅबमध्ये जे टिकत नाही ते तोंडात टिकण्याची आशा करू नये. लॅबमध्ये जे टिकतं ते तोंडात टिकेलच असं मात्र लिहू नकोस. तुझ्या कन्क्लूजनमध्ये ‘क्लिनिकली’ हा शब्द आला असेल तर तो खोड.

हळदीवरून आठवलं. पुढे रिसर्च करावासा वाटला (आत्ता वाटत नसेल, मी समजू शकते) तर परदेशातल्या पेपरमधून विषय उचलू नकोस, इथे पडलेत. तिकडे कंपोझिटवर कॉफी आणि रेड वाइनचे डाग तपासतात. आपल्या पेशंटच्या तोंडात रेड वाइन कुठून येणार, इथे सकाळी मिशरी आणि दुपारी हळदीची आमटी. हळद कंपोझिटला भयंकर रंगवते आणि पॉलिश नीट नसलं की जास्तच, हे अभ्यासांत निघालेलं आहे, पण मिशरी लावणाऱ्या बायांच्या पुढच्या दातांचं फिलिंग दोन-तीन वर्षांनी कसं दिसतं, हे मोजून मांडायला आपल्याइतकी योग्य जागा दुसरी कुठली? दुसरा विषय, याहून सोपा आणि मला विचारशील तर याहून मोलाचा: एक रेडिओमीटर (उजेडाची ताकद मोजायचं यंत्र) उसना घे आणि मिरजेपासून तासगाव-विट्यापर्यंत जेवढे डॉक्टर दारात उभं करतील तेवढ्यांच्या लाइट क्युअर गन मोजून ये. कंपोझिट घट्ट होतं ते निळ्या उजेडाने, साधारण ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या. दोन-दोन मिलिमीटरचे थर लावून प्रत्येकावर तो उजेड पुरेसा पडायला हवा. गनच्या टोकाला जुनं सिमेंट चिकटून वाळलंय, बॅटरी मेलीय, टोक दातापासून लांब धरलंय, तर वरून टणक आणि खाली कच्चं राहतं, कच्च्या भाजलेल्या विटेसारखं, आणि वर्षाने कडेने काळं पडून पेशंट परत येतो. अनेक देशांत अशा पाहण्या झाल्यात आणि क्लिनिकमधल्या बऱ्याच गन कमी पडताना सापडल्यात. कंपोझिट घट्ट होताना साधारण दोन-तीन टक्के आकसतं, ते तर टळतच नाही, पण कच्चं राहणं टाळता येतं. आणि यात एकही दात तोडावा लागत नाही.

गाईडकडे जायचं कसं, हे विचारलं नाहीस पण घाबरली आहेस ते त्याच्यावरूनच कळतं. आकडे घेऊन हात हलवत जाऊ नकोस. तीन कागद घेऊन जा: मूळ सगळा डेटा एकही आकडा न काढता, गळालेल्या सॅम्पलची यादी तारखेसकट, आणि फेल्युअर मोडचं (कुठला दात कुठे तुटला त्याचं) टेबल. म्हण, सर (किंवा मॅडम), फरक आला नाही, पण मला वाटतं कारण हे असावं. गाईडला रिकामी तक्रार नको असते, विचार केलेली पोरगी बघायची असते. बहुतेक जण ‘ठीक आहे, असंच लिही’ म्हणतील. सिनॉप्सिसमध्ये नल हायपोथेसिस म्हणून तू स्वतःच लिहिलं आहेस ना की दोघांत फरक नसेल? मग ते टिकलं तर रडायचं कशाला, हे मला पीजींचं कधी समजलंच नाही. आणि समजा ते पण ‘थोडं बघ ना काही जमतंय का’ म्हणाले, तर नम्रपणे विचार की कुठला सॅम्पल, कुठल्या कारणाने, लॉगबुकात काय लिहू. लेखी लिहायचं म्हटलं की बहुतेक सूचना आपोआप मागे जातात. तोंडावर वाद घालू नकोस, तुला अजून सही हवी आहे त्यांची.

सिनियरला काही बोलू नकोस. त्याचा पण एक सतरा नंबर असेल कुठेतरी.

आता तुझ्या पत्राच्या शेवटी जे बारीक अक्षरात लिहिलं होतंस, उरलेल्या दातांची बरणी सुट्टीत घरी आणलीस, फ्रीजमध्ये ताकाच्या मागे ठेवलीस आणि आईने लसणाचं लोणचं समजून झाकण उघडलं, त्याबद्दल. या एका बाबतीत मी शंभर टक्के आईच्या बाजूने आहे. दात माणसाचे आहेत, थायमॉलच्या (जंतुनाशकाच्या) पाण्यात असले तरी खायच्या फ्रीजमध्ये नाही ठेवायचे, बरणीवर नाव, तारीख आणि काय आहे ते मोठ्या अक्षरात हवं, आणि काम झालं की ते घरच्या कचऱ्यात नाही तर कॉलेजच्या बायोमेडिकल वेस्टमध्ये जातात. पण तुटलेले मायक्रोस्कोपखाली बघून झाल्याशिवाय एकही टाकू नकोस. सोमवारी पहिल्या गाडीने बरणी कॉलेजला ने, आणि फ्रीज आईसमोर स्वतः पुसून दे.